घंटा वाजवली की वर

महिनाअखेर दुकान रिकामं करून द्यायचं होतं. मागच्या खोलीतल्या देवळाचं काय करायचं, हा विषय मात्र कुणी काढत नव्हतं.

देऊळ म्हणजे खरंखुरं नव्हे. माणसाच्या उंचीचं एक लाकडी खोकं, छातीशी काचेचा पडदा, पोटाशी एक दांडी आणि एक लाल बटण. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर निळ्या भिंतींचा भूलभुलैया उमटायचा. भिंतींना कमानी, कमानींवर घुमट, बोळाबोळांत विझलेले दिवे. देव कुठला, ते शोधून सापडू नये असा बेत होता. कमानी एकाच्या, घुमट दुसऱ्याचा, घंटा तिसऱ्याची. कुणी भांडायला आलाच, तर बोट कशावर ठेवायचं याचा त्यालाच प्रश्न पडावा.

बोळांतून एक बारकासा भक्त पळायचा. त्याने दिवे लावत जायचं आणि मागे चार राक्षस. लोभी, रागीट, गर्विष्ठ आणि आळशी. पहिले तिघे जिवाच्या आकांताने धावायचे. चौथा सगळ्यात खालच्या बोळात आडवा पडून घोरायचा, आणि नेमका त्याच्या पलीकडे शेवटचा दिवा होता. सगळे दिवे लागले की मधोमध असलेलं गाभाऱ्याचं दार उघडणार. दारामागे काय आहे, ते मात्र आजपर्यंत कुणी पाहिलं नव्हतं.

खेळाची चित्रं काढली होती पेंटरांनी. पेंटर म्हणजे छोटीचे बाबा, दुकानांच्या पाट्या रंगवण्यात ज्यांची हयात गेली ते. छोटी तेहतीस वर्षांची झाली होती, शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासायचं काम घरी आणत होती, तरी तिचं नाव छोटीच राहिलं होतं. दीड वर्षापूर्वी तिच्या कडेवर खरीखुरी छोटी आली, तेव्हा घरात पंचाईत झाली. मग बाळाचे गोल गाल बघून आजोबांनीच निकाल दिला, "ही गोटी."

चित्रं पेंटरची, पण त्या चित्रांना पळायला शिकवलं होतं त्यांच्या धाकट्या बहिणीने. आत्या वीज कचेरीत संगणकावर होती. संगणक म्हणजे काय ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक नव्हतं तेव्हापासून. भावाची देवावर गाढ श्रद्धा, बहिणीचा देवाशी कसलाच व्यवहार नाही. पण दोघांचं गूळपीठ असं की वहिनी, म्हणजे छोटीची आई, हसून म्हणायची, "तुम्ही दोघं बोलायला लागलात की मी पाहुणी."

अठ्ठावीस वर्षांपूर्वी खेळ पुरा झाला. तो विकत घ्यायला एक गृहस्थ आले. पेंटरांनी स्वतः दांडी धरली, भक्ताला घंटेपाशी नेलं, घंटा वाजवली. त्याबरोबर भक्त सुटला तो सरळ वर! छपरातून आरपार, पडद्याच्या बाहेर. राक्षस होते तिथे थिजले, आवाज बंद. सगळे बघत राहिले. पाच मिनिटं झाली तरी काही होईना, तेव्हा गृहस्थ पोट धरून हसले. "अहो, तुमचा भक्त तर पळाला! देवाला कंटाळला वाटतं!" आणि हसतहसतच निघून गेले.

पेंटर बहिणीकडे वळले. म्हणाले, "मुद्दाम केलंस. वर कुणी नाही, हेच दाखवायचं होतं ना तुला? माझ्याच देवळात?"

बहीण म्हणाली, "तू जे लिहिलंस तेच मी केलं."

"मी असं लिहीन?"

तेवढंच. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. वहिनी गेली तेव्हाही आत्या आली, कोपऱ्यात बसली, गेली. छोटी त्या भांडणाच्या वेळी पाच वर्षांची होती, टेबलाखाली बसून पेन्सिलींना टोकं काढत होती. घरातली माणसं अशी एका वाक्यात कमी होतात, हे तिला टेबलाखालीच कळलं होतं.

आता कुठूनशी बातमी लागून जुन्या खेळांच्या संग्रहालयातल्या बाई आल्या होत्या. खोक्याभोवती तीन प्रदक्षिणा घालून झाल्यावर त्यांनी पर्समधून संमतीपत्र काढलं.

"आम्हाला हवंय. शुक्रवारी आमची गाडी येईल. फक्त निर्मात्यांच्या सह्या लागतील. दोघांच्याही."

"आणि एकच असली तर?" पेंटरांनी विचारलं.

"तर नाही नेता येणार. नियम आहे."

"मग शनिवारी भंगारवाला येणारच आहे," पेंटर म्हणाले. बाई गेल्यावर त्यांनी खिशातला रुमाल काढला, पडद्यावरची धूळ पुसली, घडी घालून तो परत ठेवला. हे ते रोजच करत. छोटीने ते पाहिलं आणि ठरवलं की सही आणायचीच.

*

आत्याचं घर चार थांबे पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. छोटी तिथे अधूनमधून जायची. बाबांना माहीत होतं. ते विचारायचे नाहीत, तीही सांगायची नाही. एवढंच, की ती परत आली की बाबा कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणायचे, "गुडघे कसे असतील कोण जाणे, तिसरा मजला आहे."

आत्याने संमतीपत्र वाचलं, चष्मा वर सरकवला. गोटी तिच्या मांडीवर चढून चष्म्याची दोरी चोखत होती.

"करते की सही. आण पेन."

छोटीने लगबगीने पेन काढलं.

"थांब. आधी त्याच्याकडून एक वाक्य आण. 'तू मुद्दाम केलं नव्हतंस.' चार शब्द. चिठ्ठी नको, निरोप नको. तोंडाने."

"आत्या, अठ्ठावीस वर्षं झाली गं."

"मग? वर्षाला एक शब्द जरी म्हटला असता तरी आतापर्यंत सात वेळा म्हणून झालं असतं."

छोटीला हसू आलं, आणि मग विरलं. "पण खरंच काय लिहिलं होतं गं त्यांनी?"

"अजून पाठ आहे मला. घंटा वाजवली की वर. मग राक्षस काही करू शकत नाहीत. असं. मी विचारलं, कुठवर? त्याने लिहिलं, मोकळी वाट मिळेपर्यंत. मी तसंच केलं. घंटा वाजली, गेला वर. आता घंटा त्यानेच छताला टांगून ठेवली, त्यावर वाटच नाही, तर मी काय करू?"

"आणि दारामागे काय आहे?"

आत्याने गोटीच्या तोंडातून दोरी सोडवली. "त्याने विचारलं तर सांगेन."

दुकानात परतल्यावर छोटीने बाबांना तोच प्रश्न केला. ते ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून धूत होते. खरं तर ते आता कुणाला द्यायचे नव्हते की वापरायचे नव्हते, पण घाण ब्रश फेकणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"दारामागे? मला काय माहीत."

"तुम्हाला माहीत नाही? चित्रं तुमची ना?"

"ते एक सोडून." त्यांनी ब्रश फडक्याला पुसला. "आणि चार शब्द वगैरे काही म्हणणार नाही मी. सांग तिला. भक्त कुणी बाहेर घालवला? मी?"

म्हणजे दार होतं, कुलूप होतं, आणि घरातली दोन्ही मोठी माणसं एकमेकांच्या खिशाकडे बोट दाखवत होती. छोटीला आता सहीपेक्षा त्या दाराने घेरलं.

*

बुधवारी दुपारी बाबा सामानाच्या टेम्पोबरोबर गेले होते. गोटीची झोपायची वेळ टळली होती आणि ती रंगाच्या रिकाम्या डब्यांवर ढोल बडवत होती. छोटीने खोक्याची मागची फळी उघडली. धूळ झाडावी म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं. आत तारांच्या गुंत्याखाली एक जाडजूड लखोटा होता.

ग्राफ पेपर. पानापानावर चौकोन भरून काढलेल्या भिंती, कमानी, राक्षस. काम कसं चालायचं तेही त्या पानांवर दिसत होतं. बाबा दिवसभर पाट्या रंगवायचे, फुरसत मिळेल तसे चौकोन भरायचे आणि पान आत्यासाठी ठेवून द्यायचे. आत्या संध्याकाळी कचेरीतून येऊन पान उचलायची. भेट होईलच असं नाही, म्हणून शंका समासात. आत्याची अक्षरं साध्या पेन्सिलीची, बाबांची लाल पेन्सिलीची.

"हा आळशी उठतो कधी?" साध्या पेन्सिलीने.

"कधीच नाही. आळशी आहे." लालने.

"गर्विष्ठाची मान इतकी ताठ नको. वळताना भिंतीत घुसते."

"म्हणूनच गर्विष्ठ."

छोटी एकटीच हसली. आपल्या घरात एकेकाळी हे असं चालायचं, याचा तिला पत्ताच नव्हता. पान नऊ. घंटा. खाली लालने, बाबांच्या त्या पाट्यांवरच्या ठसठशीत अक्षरात: "घंटा वाजवली की वर. मग राक्षस काही करू शकत नाहीत." समासात: "कुठवर?" आणि त्याखाली: "मोकळी वाट मिळेपर्यंत."

आत्या खरं बोलत होती, शब्दन् शब्द. छोटीने उरलेली पानं चाळली. शेवटचं पान, चौदावं, जवळपास कोरं होतं. मधोमध सोळा आडव्या, सोळा उभ्या चौकोनांची रिकामी चौकट आणि एकच ओळ लालने: "गाभारा. माझा धीर होत नाही. इथे तुला सुचेल ते काढ."

तिने ती ओळ दोनदा वाचली. देव मानणाऱ्याने देवाची जागा देव न मानणारीच्या हवाली केली होती.

एव्हाना गोटी किरकिरायला लागली होती. छोटीने एका डब्यावर बैठक मारली, पोरीला मांडीवर घेतलं, डाव्या हातावर तिचं डोकं टेकवलं आणि उजव्या हाताने खेळ सुरू केला. एका हाताने जमेल तेवढं. आठ दिवे लावले, रागीट राक्षस मागे लागला, पळता पळता भक्त घंटेला थडकला. गेला! छपरातून आरपार. पडदा थिजला.

खेळ बंद करून पुन्हा सुरू करायला हवा होता. पण वीज बंद करायचं बटण मागे, भिंतीशी, आणि मांडीवरची गोटी त्याच क्षणी झोपली होती. तोंड उघडं, मूठ आईच्या ओढणीत. पोर अशी झोपली की आई म्हणजे खुर्ची होते, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पाय आखडला तरी हलायचं नाही, नाक खाजलं तरी खाजवायचं नाही. मोबाइल खिडकीत, प्रुफांचा गठ्ठा टेबलावर. सगळं जग हातभर लांब.

म्हणून छोटी बसली. समोरच्या लाँड्रीत इस्त्री आपटत होती. एक टेम्पो मागे येताना किती वेळ टिंगटिंगत राहिला. तिने राक्षसांचे दात मोजले. लोभ्याला सहा, रागीटाला सहा, गर्विष्ठाला सात. त्याला एक जास्तच का दिलाय, याचा विचार केला. भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. दहा मिनिटं. पंधरा. तिच्या मनात आलं, की या पडद्यासमोर इतका वेळ आजवर कुणी बसलंच नसेल. कशाला बसेल? बंद पडलं म्हणून सगळे उठतात. तीही उठलीच असती.

बाविसाव्या मिनिटाला पडद्याच्या अगदी खालच्या काठातून भक्ताचं डोकं वर आलं.

छोटीच्या तोंडून "अगं बाई!" निघालं आणि तिने ओठ चावले. भक्त तळाच्या भिंतीतून वर सरकला, खालच्या बोळात आला आणि थांबला. आळशी राक्षसाच्या पलीकडच्या अंगाला. शेवटच्या दिव्यापासून दोन पावलांवर. सूर पुन्हा वाजू लागला, राक्षस हलले. छोटी इतकी दचकली होती की दांडी धरायचं विसरली. वरून धावत आलेल्या रागीटाने भक्ताला गिळलं.

पण तो परत आला होता. अठ्ठावीस वर्षं सगळ्यांना वाटत होतं तो गेला, आणि तो दर वेळी परतीच्या वाटेवर होता. थांबलं मात्र कुणी नव्हतं.

*

संध्याकाळी बाबा आले तेव्हा छोटीने पान नऊ त्यांच्यापुढे धरलं. "बघा. आत्या खोटं बोलत नव्हती. तुम्हीच लिहिलंय."

बाबांनी चष्मा चढवला. वाचलं आणि त्यांचा चेहरा जिंकल्यासारखा उजळला. "हेच तर! स्पष्ट लिहिलंय की! आता बघ तूच!"

"स्पष्टच आहे. घंटा वाजवली की वर."

"मग?"

"मग ती त्याला वर घेऊन गेली."

"वर कुठे?"

"वर! वरच्या बाजूला!"

"वरच्या बाजूला कशाला? अगं, वर! देव देतो तो! घंटा वाजवली, देव प्रसन्न झाला, वर दिला. मग राक्षस काही करू शकत नाहीत. तो सरळ त्या आळशाच्या अंगावरून चालत जाऊन दिवा लावणार..." बोलता बोलता ते थांबले. पानाकडे पाहिलं. मग लेकीकडे. मग पुन्हा पानाकडे.

छोटी दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं तपासायची. पण हे वाक्य तिने दुपारी तीनदा वाचलं होतं आणि दुसरा अर्थ तिच्याही डोक्यात आला नव्हता. कारण भक्ताला वर जाताना तिने पाहिलं होतं. बाबांच्या मनात देव होता, म्हणून त्यांना पहिला अर्थ दिसला नव्हता. दोन अक्षरं, आणि प्रत्येकजण आपल्या बाजूने बरोबर.

"आणि कुठवर विचारलं तिने," बाबा पुटपुटले. "मला वाटलं, वर किती वेळ पुरतो ते विचारतेय."

"आता म्हणाल ना ते वाक्य?"

बाबांनी पानाची घडी घातली. ती पुन्हा उलगडली. "चूक कागदाची आहे," ते म्हणाले. चूक कळली म्हणून जीभ हलतेच असं नाही. अठ्ठावीस वर्षं जिच्यावर टेकून उभं राहायचं, ती भिंत एका संध्याकाळी पाडायची म्हणजे माणसाला आधी कुठेतरी बसावं लागतं. ते बसले, आणि बराच वेळ बसून राहिले.

छोटीने आत्याला फोन केला. शब्दाचं काही बोलली नाही, फक्त भक्ताचं सांगितलं.

"किती मिनिटं म्हणालीस?"

"बावीस."

"एकवीस मिनिटं पन्नास सेकंद असतील," आत्या म्हणाली. आवाज एकदम तरुण झाला होता. "मोजायला त्याच्याकडे पासष्ट हजार पाचशे छत्तीस आकडे. सेकंदाला पन्नास पायऱ्या. आकडे संपले की चक्कर पूर्ण, गाडीचं मीटर फिरतं तसं. मोकळी जागा शोधत जात राहिला बिचारा, आणि पहिली मोकळी जागा लागली ती तळाशी. शी! हे मला तेव्हा कसं सुचलं नाही? उद्या दुपारी येते. मी तुझ्या बापाकडे येत नाहीये, हे लक्षात ठेव. मोजणी तपासायला येतेय."

*

गुरुवारी दुपारी आत्या दुकानाची पायरी चढली. खांद्यावर पर्स, हातात कचेरीतून निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ. पेंटर उठून उभे राहिले आणि मग, उठल्यासारखं वाटू नये म्हणून, फळीवरचा डबा उगाच इकडचा तिकडे केला.

"तिला विचार, चहा घेणार का."

"त्याला सांग, साखर कमी."

"तिला सांग, मला माहीतेय."

"अरे देवा," छोटी म्हणाली. "मी काय पोस्टमन आहे? गोटी, तू तरी थेट बोल बाई."

गोटी थेट आत्याकडे गेली आणि तिने दोन्ही हात वर केले. आत्याने तिला उचललं. छोटीने मग काही न बोलता पान नऊ आत्याच्या हातात दिलं आणि बाबांकडे बघून म्हणाली, "सांगा."

बाबांनी घसा साफ केला. भिंतीला सांगितलं, "वर म्हणजे वरदान."

आत्याने वाचलं. तिचे ओठ हलले. पुन्हा वाचलं. मग तिने अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा भावाच्या तोंडाकडे बघून तोंड उघडलं. "मग 'वर दे' असं लिहायचं की नाही, शहाण्या?"

"तू 'वर जा' का वाचलंस?"

"का वाचलं? आयुष्यभर कुणाच्या पाट्या वाचत मोठी झाले मी? दवाखाना वर! टेलर वर! क्लास वर! तुझ्या ब्रशातून दुसरा कुठला 'वर' कधी उतरला होता?"

पेंटर ओशाळून म्हणाले, "त्यांना बाण असायचा."

"हो ना! मला वाटलं, घाईत बाण राहिला!"

छोटीला हसू आवरेना. बाबांच्याही मिशीखाली काहीतरी हललं. पण आत्या हसत नव्हती. "तर चूक कुणाची?"

"कागदाची."

"मी कागदावर रागावले नव्हते, दादा. कागदाने मला काही म्हटलं नव्हतं. वाक्य?"

'दादा' हा शब्द खोलीत आला आणि कुठे बसावं ते त्याला कळेना. पेंटर पडद्याकडे वळले. म्हणाले, "खेळ लाव गं छोटे."

छोटी खेळली. या वेळी दोन्ही हात मोकळे होते. बोळामागून बोळ, दिव्यामागून दिवा. मागून सूचनांचा मारा. "डावीकडे, डावीकडे!" बाबा. "डावीकडे नको, गर्विष्ठ तिथेच वळतो!" आत्या. खालचा एक सोडून सगळे दिवे लागले. भक्त घंटेपाशी गेला. घंटा वाजली, तो वर गेला, पडदा थिजला. आत्याने घड्याळ बघितलं. "सुरू."

एकवीस मिनिटं पन्नास सेकंद. न बोलणाऱ्या दोन माणसांना एका खोलीत बसवायला एवढा वेळ फार होतो. पाच मिनिटं नुसतंच सगळे पडद्याकडे बघत होते. मग बाबांनी विचारलं, "आता तो कुठे असेल?"

"वर."

"कुठे वर?"

"आकड्यांत. पंधरा हजाराच्या आसपास."

"तिथे काय आहे?"

"काही नाही. भिंती नाहीत, राक्षस नाहीत. नुसता मोजतोय."

बाबांनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाले, "एकटाच?"

"मग काय गर्दी करणार आहे?" आत्या म्हणाली. पण आवाज मऊ होता. गोटी तिच्या खांद्यावर पेंगुळली होती. "मला नव्हतं माहीत तो परत येतो म्हणून. खरंच नव्हतं."

"गुडघे कसे आहेत?"

"वाकतात."

चहा आला, प्याला गेला. दुकान कुणाला दिलं, पाट्या आता छापूनच मिळतात, वहिनीच्या आजारपणात कोण होतं, असं काही तुटक तुटक. वाक्य मात्र आलं नाही. छोटी संमतीपत्राच्या कोपऱ्याची सुरळी करत बसली होती. उद्या गाडी येणार. परवा भंगारवाला.

"एक मिनिट," आत्या म्हणाली.

खालच्या काठातून डोकं आलं. भिंतीतून भक्त सरकला, बोळात थांबला. छोटीने दांडी पुढे ढकलली. एक पाऊल, दुसरं. शेवटचा दिवा लागला. आळशी राक्षस घोरतच होता.

पडद्याच्या मधोमध निळं दार दोन्हीकडे सरकलं.

आत मूर्ती नव्हती, तेज नव्हतं, डोळा नव्हता. सोळा आडव्या, सोळा उभ्या ठिपक्यांत एक माणूस बसला होता. पाठमोरा. टेबलावर वाकलेला. पुढ्यात एक पांढरा कागद, त्यावर इवलेसे चौकोन. बाकी सगळा माणूस राखाडी होता. फक्त कानावर एक ठिपका लाल.

पेंटरांचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला. तिथे लाल पेन्सिल होती.

गाभाऱ्यातला माणूस दर दोन सेकंदांनी हात हलवत होता. एक चौकोन भरायचा, थांबायचा, पुढचा भरायचा.

"देव मला काढता येत नाही," आत्या म्हणाली. "हे देऊळ कोण बनवतंय, तेवढं मला दिसत होतं. ते काढलं. त्या दिवशी तू पाहशील असं वाटलं होतं. तोवर तू..." तिने गोटीला उगाच दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

पेंटर पडद्याच्या इतक्या जवळ गेले होते की काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरली. "हा हात," ते म्हणाले. "हा असा मधेच थांबतो. मी थांबतो का असा?"

"दर चौकोनाला."

"हे मुद्दाम केलंस तू."

"हो," आत्या म्हणाली. "हे मुद्दाम."

"आणि ते..." त्यांनी छताकडे बोट केलं. "ते नव्हतंस केलं. तू मुद्दाम केलं नव्हतंस."

आत्याने छोटीकडे हात पुढे केला. छोटीला आधी कळलंच नाही, मग तिने घाईघाईने पेन दिलं. झोपलेल्या गोटीला सांभाळत, खोक्याच्या फळीवर कागद टेकवून आत्याने सही केली. अक्षर वाकडं आलं. तिने कागद भावाकडे सरकवला.

पेंटर वाकून वाचू लागले, एकेक ओळ, बोट फिरवत.

"आता काय वाचतोस? सही कर."

"थांब," ते म्हणाले. "या वेळी नीट वाचतो."